न मोजलेल्या सीडी

शिरूरहून चौफुल्याकडे जाताना न्हावऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक ज्वारीचं वावर आहे. मागच्या हिवाळ्यात कणसं हुरड्याला आली होती. पाखरं राखायला मालकानं बांधाच्या कडेनं काठ्या रोवल्या होत्या, त्यांना दोरी ताणली होती आणि दोरीला सीडी लटकवल्या होत्या. वारा सुटला की त्या गरागरा फिरायच्या, उन्हाच्या तिरीपी कणसांवर नाचायच्या आणि चिमण्यांचा थवा भर्रकन उठून पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसायचा. मी गाडी बाजूला घेतली. पंधरा-वीस सीडी होत्या. बहुतेकांवरची छपाई उन्हानं पार उडाली होती. एकीवर मात्र अक्षरं अजून लागत होती: 'अशी ही बनवाबनवी', आणि कडेला बारीक टायपात 'भाग २'.

"मामा, ही एक नेऊ का?"

"न्या की. घरात पोतंभर पडल्यात. लावायचं मशीनच राहिलं नाही आता."

ती सीडी घरी आणून मी कपाटात ठेवली. तिच्या शेजारच्या कप्प्यात ब्रिटनहून मागवलेला ब्ल्यू-रेंचा एक जाड पुठ्ठ्याचा संच आहे. त्याच्या पाठीमागे छापलंय: ०४१२/६०००. म्हणजे एकूण सहा हजार संच निघाले, त्यातला हा चारशे बारावा. एवढे संपले की ही आवृत्ती पुन्हा निघणार नाही, हे कंपनीनं आधीच सांगून ठेवलेलं. गेली काही वर्षं मी या दोन्ही प्रकारच्या वस्तू जमवतो आहे. जमवता जमवता एक गोष्ट मला पक्की पटली आहे. दुर्मीळ काय, हे नंबरावरून ठरत नाही. सहा हजारांतला प्रत्येक संच कुठं ना कुठं जपून ठेवलेला असणार, कारण तो मोजून दिलेला आहे. आपल्याकडच्या सीडी मात्र लाखांनी निघाल्या, कुणी मोजल्या नाहीत आणि म्हणूनच आता त्या हातोहात नाहीशा होत आहेत.

आधी नंबराचं गणित समजून घेऊ. 'मर्यादित आवृत्ती' हा शब्द मानाचा वाटतो, पण त्यामागचा व्यवहार साधा आहे. जुन्या चित्रपटांचे हक्क मोठ्या स्टुडिओंकडे असतात. तो चित्रपट आता लाखानं खपणार नाही हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ते स्वतः त्याच्या डिस्क काढायच्या भानगडीत पडत नाहीत. मग एखादी छोटी कंपनी पुढं येते आणि ठरावीक प्रतींपुरते, ठरावीक वर्षांपुरते हक्क विकत घेते. अमेरिकेतली ट्वायलाइट टाइम ही कंपनी २०११ साली याच हिशेबावर उभी राहिली. बहुतेक चित्रपटांच्या तीन हजार प्रती काढायच्या आणि थांबायचं, असा तिचा नेम होता. २०२० साली ती बंद झाली. ब्रिटनमधल्या पॉवरहाऊस कंपनीच्या 'इंडिकेटर' मालिकेतल्या कित्येक संचांवर प्रत्येक प्रतीचा स्वतंत्र नंबर असतो. दक्षिण कोरियातल्या नोव्हा मीडिया आणि प्लेन आर्काइव्ह या कंपन्या पत्र्याच्या देखण्या डब्यांवर असे नंबर घालतात आणि त्यासाठी जगभरचे लोक रांगा लावतात.

नवखा माणूस इथं एक घोटाळा हमखास करतो. डब्याच्या पाठीवर दिसणारा प्रत्येक नंबर प्रतीचा नसतो. अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीनं १९८४ साली 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' हे चित्रपट लेझरडिस्कवर काढले आणि १९९८ साली ती डीव्हीडीकडे वळली. तिच्या डब्यांवरचा नंबर हा मालिकेतला नंबर आहे, ग्रंथमालेतल्या पुष्पासारखा. 'सेव्हन सामुराय'चा नंबर २, तो जगातल्या सगळ्या प्रतींवर २च. नंबर १ ज्याँ रेन्वारच्या 'ग्रँड इल्युजन'ला दिला होता, पण जास्त चांगली निगेटिव्ह हाती लागली म्हणून ती डीव्हीडी थांबवून ठेवली आणि पुढच्या नंबरांच्या मागून ती बाजारात आली. कंपनीनं घाई केली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

काही संग्राहक लहान नंबरासाठी जादा पैसे मोजतात. तीनशेपेक्षा तीन नंबर भारी, असा हिशेब. ही समजूत चित्रकारांच्या छाप्यांवरून आलेली आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेल्या चित्राचे छापे घेताना पत्रा झिजत जातो. पहिल्या काही छाप्यांत रेघ धारदार उठते, पुढं ती बोथट होते. त्यामुळं पन्नासांपैकी तिसऱ्या छाप्याला खरंच अर्थ असतो. डिस्कचं तसं नाही. काचेच्या तबकडीवर लेझरनं मूळ नोंद करतात, तिच्यावरून निकेलचा ठसा बनवतात आणि त्या ठशावर वितळलेलं पॉलिकार्बोनेट दाबून डिस्क काढतात. मग तिच्यावर अॅल्युमिनियमचा पातळ थर आणि संरक्षक लेप बसतो. एका ठशातून हजारोंनी डिस्क निघतात आणि पहिली काय, तीन हजारावी काय, त्यांत फरक सांगता येत नाही. शिवाय नंबर असतो तो पुठ्ठ्यावर. आतली डिस्क कुठल्याही डब्यात गेली असती तरी चाललं असतं.

म्हणून मी पैसे देतो ते आतल्या कामाकडं बघून. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या होत्या. त्यांचे जळके, कडक झालेले तुकडे फेकले नाहीत, जपून ठेवले. पुढं इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांनी ते हातानं साफ करून, डिंकासारखी चिकटलेली रिळं उलगडून, जिथं जमलं तिथं त्यांतूनच चित्र उभं केलं. २०१५ साली त्या त्रयीचा संच निघाला. त्यावर प्रतीचा नंबर नाही आणि त्याची मला कधी उणीवही भासली नाही.

शिरूरला बसून असं काही मागवायचं असेल तर एक अडचण आधीच लक्षात घ्यावी. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत, त्यात भारत ५व्या विभागात येतो. ब्ल्यू-रेसाठी तो 'सी' विभागात. अमेरिकेतली डिस्क आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर लागत नाही, त्यासाठी सगळे विभाग वाचणारा प्लेअर लागतो. नव्या 'फोर-के' डिस्कना मात्र ही अट नाही.

आता त्या वावरातल्या सीडीकडं वळतो, कारण माझा जीव तिच्यातच जास्त अडकलाय.

आमच्या भागात 'व्हिडिओ' ही आधी रात्रीपुरती भाड्यानं आणायची चीज होती. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं देशात रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर पसरले. गणपतीत किंवा कुणाच्या घरी बारसं-जावळ असलं की पोरं वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी आणायची. रात्री नऊला सुरू झालेला कार्यक्रम कोंबडं आरवेपर्यंत चालायचा. मुंबईत शेमारूनं १९७९ सालीच कॅसेटी भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. मुळात ती १९६२ साली निघालेली पुस्तकांची लायब्ररी! तालुक्याच्या गावांपर्यंत हा धंदा पोचला तो मात्र बहुतेक चोरट्या कॅसेटींवर. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी कॅसेट. प्रत्येक वेळी चित्र थोडं पुसट होतं, आवाजात खरखर वाढते. त्या काळात दुकानदाराला पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "प्रिंट कशीये?" तो प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता. ही कितवी नक्कल आहे, हेच त्यातून विचारलेलं असायचं.

मग व्हीसीडी आली. तिचा साचा १९९३ साली ठरला. एका व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणून आपले चित्रपट 'डबल सीडी'त आले. इथं एक गंमतशीर जुळणी आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडचा टीव्ही २५नी. त्यामुळं दीडशे मिनिटांचा चित्रपट टीव्हीसाठी उतरवला की तो १४४ मिनिटांत संपतो आणि दोन सीडींत नेमका बसतो. चित्र मात्र ओबडधोबड. आडवे ३५२ ठिपके, उभे २८८. आजच्या फुल एचडी चित्रात याच्या वीसपट ठिपके असतात. तरी कॅसेट गुंतण्याच्या, हेड साफ करण्याच्या कटकटीतून सुटका झाली म्हणून लोकांनी ती डोक्यावर घेतली. उसाचं बिल हातात आलं की घरात सीडी प्लेअर यायचा. म्हातारी माणसं तिला 'शिडी' म्हणायची आणि अजूनही म्हणतात.

नक्कल करण्याचा प्रकार मात्र इथं पूर्ण बदलला. सीडीची शंभरावी नक्कलही पहिलीसारखीच निघते. त्यामुळं चोरट्या सीडींचा सुळसुळाट झाला. एसटी स्टँडबाहेर, बाजाराच्या दिवशी ताडपत्रीवर, दौंड स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या, एका डीव्हीडीवर तीन-तीन, सहा-सहा पिक्चर. २००७ साली मोझर बेअर कंपनीनं अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणून या चोरांच्या पोटावरच पाय दिला. २००९ साली महाराष्ट्रानं झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी असलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ-चोरांनाही बसवलं. पण तोवर पेनड्राइव्ह आले, मोबाइलमध्ये कार्ड आली, आणि दुकानांनी सीडींचे स्टँड काढून तिथं मोबाइलची कव्हरं लावली. मोझर बेअरही २०१८ साली अवसायनात निघाली.

अस्सल आणि नकली ओळखायची युक्ती सांगतो. सीडी उलटी धरून उजेडात बघा. खालची बाजू चांदीसारखी पांढरी असेल तर ती कारखान्यात ठशावर काढलेली. जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक असेल तर ती संगणकावर भरलेली. अशा सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, तो उन्हानं फिका पडतो. मधल्या भोकाभोवतीच्या आरशासारख्या पट्ट्यात बारीक अंक कोरलेले असतात. १९९४ पासून तिथं 'आयएफपीआय'नं सुरू होणारी खूणही यायला लागली, तिच्यावरून कारखाना कळतो. मग कव्हर बघा. स्वामित्व हक्काच्या कायद्यात १९८४ साली घातलेल्या ५२-अ कलमानुसार कॅसेट किंवा सीडीच्या वेष्टनावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, ती काढणाऱ्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता असावाच लागतो. चोर पकडण्यासाठी घातलेलं हे कलम आज आमच्यासारख्यांना फार उपयोगी पडतं. ज्या कंपनीचा आता मागमूस नाही, तिचा पत्ता त्या चिठोऱ्यावर सापडतो. म्हणून सीडी फुटलेली असली तरी कव्हर टाकू नका.

जपण्याच्या बाबतीत बहुतेक लोक उलटं करतात. चकचकीत बाजूला बोट लागू नये म्हणून सीडी छापील बाजूवर पालथी ठेवतात. व्हीसीडीची नाजूक बाजू हीच, छापील. खालून जवळजवळ सव्वा मिलिमीटरचं प्लास्टिक असतं, तिथला ओरखडा पुसता येतो. वरून अॅल्युमिनियमवर फक्त लेपाचा पापुद्रा. तिथं बॉलपेननं नाव घातलं तरी थर फाटतो आणि तो परत जुळत नाही. डीव्हीडीत दोन पातळ चकत्या चिकटवून माहिती मधोमध ठेवलेली असते, म्हणून ती या बाबतीत जास्त टिकाऊ.

माझ्या वावरातल्या सीडीची बाहेरची कड अशीच सोलली होती. खिडकीसमोर धरली की कडेनं आरपार दिसायचं. तरी कोमट पाण्यानं धुऊन, मऊ फडक्यानं मधून बाहेर पुसून मी ती लावली आणि ती चालली. सीडी आतून बाहेर वाचली जाते, ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट, त्यामुळं भागाची सुरुवात शाबूत होती. बत्तीसएक मिनिटं चित्र स्वच्छ आलं. मग चौकोन पडायला लागले, आवाज तुटायला लागला आणि शेवटी अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे हिरव्या-गुलाबी ठोकळ्यांत विरून गेले.

'बनवाबनवी' कुठं हरवणार नाही, हे खरं. तो पाहायला आज शंभर वाटा आहेत. माझी काळजी वेगळ्या सीडींची आहे. चौफुला कलाकेंद्रांचं गाव आहे, संगीतबारीची परंपरा तिथं आजही नांदते. त्या बैठकीच्या लावण्या, जत्रेतल्या फडांची वगनाट्यं, गणगौळण, गावोगावच्या सप्त्यातली कीर्तनं, हे सगळं दोन हजार सालानंतरच्या आठ-दहा वर्षांत सीडींवर उतरलं. इंदुरीकर महाराजांसारख्या नावाजलेल्या कीर्तनकारांच्या सीडी मोठ्या कंपन्यांनी काढल्या. बाकीच्या एखाद्या स्टुडिओवाल्यानं शे-दोनशे भरून जत्रेत विकल्या. त्यावर नंबर नाही, वर्ष नाही, कधी कधी गाणारीचं नावही नाही. पुस्तक छापलं तर त्याची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायचा कायदा १९५४ पासून आहे. सीडीला तसलं बंधन नाही. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, शिरूरहून दीड-दोन तासांवर. तिथं पी. के. नायर यांनी जन्म घालवून चित्रपट गोळा केले, तरी मूक जमान्यातलं फारच थोडं हाती लागलं. 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं उरलं आहे. जत्रेतल्या सीडीचा विचार तिथं कोण आणि कधी करणार?

आपल्याच जिल्ह्यात अशी एक गोष्ट आधी घडून गेली आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी गेल्या. त्यांच्यावरही प्रतीचा नंबर नव्हता, देवघरात उदबत्तीच्या धुरानं त्या काळवंडल्या, जुन्या झाल्या की लोकांनी नदीत सोडल्या. १९७२ साली छापखाना जळाला. आज त्याच तसबिरी शोधत लोक जुन्या बाजारात फिरतात.

म्हणून मी एक वही केली आहे. प्रत्येक सीडीला मीच नंबर देतो आणि पुढं लिहितो: कुठं मिळाली, कुणाकडून, कव्हर आहे का, खालची झाक कुठली, किती मिनिटं चालते. गाणाऱ्या बाईंचं नाव कव्हरवर नसेल तर चौफुल्याला जाऊन विचारतो. तिथल्या एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्यानं नुसती थाप ऐकून तीन सीडींमधल्या वादकांची नावं सांगितली, चित्राकडं बघितलंसुद्धा नाही. चालते तेवढी माहिती मी संगणकावर उतरवून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो. वहीत आत्ता २३१ नोंदी आहेत. वावरातली 'बनवाबनवी' १८८ नंबरला आहे, पुढं लिहिलंय: 'भाग १ नाही.'

वहीतल्या शेवटच्या पानांवर सीडीऐवजी कॅसेटी आहेत, लग्नाच्या. दौंडला रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या घरी लोखंडी पेटीत तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची कॅसेट सापडली, १९९१ सालची. फोटोवाल्यानं मूळ टेपवरून जोडकाम करून एकच प्रत दिली होती आणि मूळ टेपवर पुढच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं. तेव्हा सगळेच तसं करायचे, टेप महाग होती. म्हणजे जगात ही एवढीच. तिच्यात आत्याचे यजमान आहेत, त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांचा आवाज दुसऱ्या कशातही नाही.

कॅसेटच्या काचेतून बघितलं तर टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसतात. ती बुरशी आहे. अशी कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही. बुरशी हेडवर बसते, टेप खरवडते आणि पुढच्या कॅसेटीतही शिरते. व्हीसीआरही आता जपून वापरावे लागतात. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली ते बनवणं थांबवलं आणि त्यानंतर नवं मशीन कुणीच काढलं नाही. म्हणून ती कॅसेट मी सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात उभी ठेवली आहे. बुरशी वाळली की ती चिकट राहत नाही, भुकटी होते आणि कोरड्या फडक्यानं निघते. मग कवच उघडून टेप हातानं, एकेक वीत पुढं घेत पुसायची. दोघांचं काम आहे, एकानं रीळ फिरवायचं, दुसऱ्यानं फडकं धरायचं. आत्या रोज फोन करून विचारते, "झालं का रे?" मी तिला सांगितलंय, आत्ता हवेत ओल आहे, दिवाळीनंतर कोरडी थंडी पडली की मी दौंडला येतो, मग आपण दोघं मिळून करू.